आईचा श्वास आणि यंत्राचे आकडे

आषाढी वारीनंतर आईचा खोकला हटेना, तेव्हा डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन सुचविला. पंढरपुरातील केंद्रात तंत्रज्ञांनी प्रथम तिचे वजन विचारले, याचे मला नवल वाटले. ते म्हणाले, ‘‘किरणांचे व्होल्टेज, विद्युतप्रवाह, टेबल सरकण्याचा वेग हे सारे देहयष्टी पाहून ठरवितात. आजी कृश आहेत. त्यांना १२० ऐवजी १०० किलोव्होल्ट पुरेत.’’

किरण फार कमी केले तर चित्र दाणेदार होते. वाढविले तर चित्र स्वच्छ, पण शरीरावरील मात्रा अधिक. छातीच्या साध्या एक्स-रेत ही मात्रा सुमारे ०.१ मिलिसिव्हर्ट असते, नेहमीच्या सीटीत ती ५ ते ७ पर्यंत जाते. म्हणूनच स्कॅन विनाकारण पुन्हा करावा लागू नये.

त्यातला एक वाटा आईच्या हाती होता : काही सेकंद श्वास रोखणे. खोकल्याच्या धास्तीने ती घाबरली होती. बाहेरच्या बाकावर आम्ही सराव केला. श्वास रोखून तिने मनात विठ्ठलाचे नाव घेतले, पाच वेळा.

चित्र पहिल्याच खेपेस स्पष्ट आले. अहवाल यायचा होता; तरी परतताना आईच मला म्हणाली, ‘‘बाळा, आता तू श्वास सोड.’’