आत्या, आज्जी आणि माझा धावदोरा

गुरुवारी रात्री साडेअकरा वाजता मी वॉशिंग मशीनचं झाकण उघडलं आणि आत आज्जीच्या गोधडीची खिचडी झालेली पाहिली. खरंच खिचडी! हिरवं इरकली लुगडं एकीकडे, आतलं पांढरं धोतर दुसरीकडे आणि मधूनच डोकावणारी कसलीशी खाकी चिंधी. हॉस्टेल, दोन पीजी आणि तीन भाड्याचे फ्लॅट पाहिलेली ती गोधडी एका 'स्पिन'मध्ये गारद झाली होती.

"अरे, ऑनलाइन कम्फर्टर मागव ना, उद्या येईल," रूममेट म्हणाला. बिचाऱ्याचं चुकलं नव्हतं. पण आज्जी कुठल्या साइटवर मिळते, हे काही त्याला सांगता आलं नसतं. तिला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

शुक्रवारी लॅपटॉप मिटला, गोधडी पिशवीत कोंबली आणि स्वारगेटवरून वाईची एसटी पकडली. पावसाळा सरत आला होता. खंबाटकीच्या घाटात खिडकीतून गार वारा आत आला, सुरूर फाट्याला गाडी वळली, आणि ऑफिसचा ताण जाऊन तिथे आत्याची भीती येऊन बसली. आत्या ओरडेल याची तयारी केली होती. ती ओरडलीच नाही. पिशवीतून गोधडी काढून तिनं ओसरीवर पसरली, फाटलेल्या जागेवरून हात फिरवला आणि बराच वेळ गप्प बसली. तुमच्या बॉसनं कधी असं केलंय? ओरडणं परवडतं हो!

"तिला निथळू द्यायचं असतं रे, पिळायचं नसतं," शेवटी ती म्हणाली. "आता तूच शिव. माझे डोळे नाही चालत."

ज्या गावात मराठी विश्वकोशाचं काम चालतं, त्या गावात माझं शिवणाचं ज्ञान शून्य होतं. बटण तुटलं की मी शर्ट बदलतो! पण शनिवारी सकाळी आत्यानं जाड सुती दोरा, लांब सुई आणि आज्जीचं अंगुस्तान समोर ठेवलं. ते माझ्या करंगळीतच जेमतेम बसलं.

गोधडीचं गणित दिसायला सोपं. जुनी सुती कापडं थरावर थर अंथरायची, सुरकुत्या काढायच्या, कडा आत दुमडायच्या आणि धावदोरा घालायचा. कडेनं सुरुवात करायची, चौकोनात फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. जमिनीवर पसरलेल्या गोधडीवरच बसून शिवायचं आणि मागे मागे सरकायचं. दहा मिनिटांत माझी पाठ गेली, पंधराव्या मिनिटाला बोट. माझा पहिला टाका बघून आत्या म्हणाली, "हा टाका आहे की उडी?" वर्षाच्या अप्रेझलमध्ये मिळाला नसेल इतका फीडबॅक मला त्या सकाळी मिळाला.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकाही आपली 'कवंदी' अशीच कडेकडून आत शिवत नेतात आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर कापडी फुलं लावतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मोठ्या ऐटीत आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांचे टाके बघून ये एकदा."

दुपारी ती खाकी चिंधी मी विचारलीच. आत्या हसायला लागली. ती माझ्या बाबांची शाळेतली हाफपँट होती! नवी गोधडी शिवताना जुनी, विरलेली गोधडी तशीच आत घालतात, म्हणजे ऊब वाढते. आमच्या गोधडीच्या पोटात आणखी एक गोधडी होती आणि तिच्यात आजोबांचं धोतर, आत्याचं परकराचं कापड आणि बाबांची हाफपँट असं अख्खं घर दाटीवाटीनं राहत होतं. वन आरके म्हणा ना!

संध्याकाळी आम्ही मेणवलीला गेलो. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेवरचा दगडी घाट, आणि तिथल्या छोट्या देवळात टांगलेली १७०७ साल कोरलेली अवाढव्य घंटा. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर तिकडून आलेली. २००४ च्या 'स्वदेस'मध्ये हा घाट तुम्ही पाहिला असेल. आत्याला मात्र शाहरुखशी देणंघेणं नव्हतं. तिनं एक पायरी दाखवली. घट बसायच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या घेऊन आज्जी इथे यायची. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. मग एक टोक आज्जीकडे, दुसरं शेजारणीकडे आणि मधे पाण्याची धार. "सगळ्या गावच्या बातम्या त्या धारेबरोबर वाहायच्या," आत्या म्हणाली.

रविवारी ठिगळाला कापड हवं होतं. आत्यानं ट्रंकेतून आज्जीची शेवटची साडी काढली. निळी, बारीक फुलांची, दीड वर्ष घडी न मोडलेली. तिनं कात्री हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. मग माझ्याकडे सरकवली. "तू काप."

मलाही जमेना. साडीला अजून आज्जीच्या कापराचा वास होता. मी म्हटलं, "राहू दे ना, दुसरं काहीतरी लावू."

"ट्रंकेत ठेवून कसर खाईल," ती म्हणाली. "तिनं स्वतःच्या आईचं लुगडं असंच कापलं होतं. रडली, आणि कापलं."

मग मी कापलं. वाकडं कापलं. आत्यानं डोळे पुसले आणि म्हणाली, "सरळ रेघ तरी येते का रे तुम्हाला इंजिनियरांना?"

आता पुण्यात रोज रात्री जेवण झालं की अर्धा तास शिवतो. रूममेट आधी हसला, आता सुईत दोरा ओवून देतो. कॅमेरा बंद असलेल्या दोन मीटिंगमध्येही चार-चार ओळी झाल्या आहेत, हे कृपया कुणाला सांगू नका. निळं ठिगळ हिरव्या लुगड्यावर अजिबात मॅच होत नाही. माझे टाके अजूनही उड्याच आहेत, फक्त थोड्या बुटक्या.

दर रविवारी आत्याचा फोन येतो. "किती झाली?" यापेक्षा कडक स्टेटस कॉल आमच्या क्लायंटनंही घेतलेला नाही. डेडलाइन आहे घटस्थापनेच्या आदला शनिवार. आत्याला मेणवलीच्या घाटावर गोधडीचं दुसरं टोक धरायला माणूस हवंय.

रजेचा अर्ज टाकलाय. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, 'घरगुती काम'.