नीट ठेवलेली वस्तू

आमच्या घरात वस्तू हरवत नाहीत. त्या 'नीट ठेवलेल्या' असतात. नीट ठेवलेली वस्तू पुन्हा सापडल्याचं एकही उदाहरण आमच्या घराण्यात नाही. अशा घराण्याचा कुलवृत्तांत क्लाउडवर ठेवायचं माझ्या पुतण्यानं मनावर घेतलं आणि मी बी. कॉम., शिवाय बँकेत एकवीस वर्षं कारकुनी केलेला, म्हणून सल्लागार मंडळात माझी वर्णी लागली. मंडळात मी एकटाच होतो.

पुतण्यानं ॲप केलं. ते 'कंटेनर'मध्ये बसवलं. कंटेनर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे न्हावाशेवा बंदर आलं. तो म्हणाला, "काका, प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सामानसुमान एकत्र बांधलेला डबा. 2013 साली डॉकर आलं आणि हे डबे घरोघर झाले. डबे जास्त झाले की सांभाळायला कुबरनेटीस, ते गूगलनं 2014 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं." मला तो कुबेराचा कोणी मावसभाऊ वाटला. बँकेतल्या माणसाला दुसरं काय वाटणार? पण शब्द ग्रीक निघाला. अर्थ, सुकाणू धरणारा.

जुने फोटो चढले, वंशावळ चढली आणि आमच्या त्र्याऐंशी वर्षांच्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या चढल्या. चाळीस मिनिटं! पुतण्यानं स्वतः गावी जाऊन त्या मोबाइलवर टिपल्या होत्या. वर चढल्याबरोबर त्यानं त्या मोबाइलमधून पुसून टाकल्या. म्हणाला, "जागा भरली होती. आणि क्लाउडवर आहेतच की!"

पंधरा दिवसांनी त्यानं ॲपची नवी आवृत्ती चढवली आणि कुलवृत्तांतात फक्त कुलदैवत उरलं, तेही मुखपृष्ठावर होतं म्हणून.

"काका, कंटेनर बदलला."

"मग?"

"सगळं त्याच्या आतच साठत होतं. जुना कंटेनर काढला की आतलं सगळं जातं. तो मुळी तात्पुरताच असतो."

आता मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हटलं, "अरे, हा तर आमचा काउंटरवरचा कारकून! आज चार नंबरच्या खिडकीत आहे, उद्या बदली होऊन चंद्रपूरला. त्याच्या जागी दुसरा बसतो, काम चालू राहतं. पण म्हणून खातेदाराची ठेव कोणी त्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवतं का? बदली झाली की शिपाई पहिल्यांदा ड्रॉवर रिकामा करतो!"

पुतण्या माझ्याकडे पाहतच राहिला. घरातल्या कुणी माझ्याकडे असं पाहण्याची ही पहिलीच वेळ. मी खुर्ची पुढे ओढली. मग आम्ही दोघांनी मिळून साठवण निवडायला घेतली. तो नाव सांगायचा आणि मी त्याचं मराठीत, म्हणजे बँकेत, भाषांतर करायचो.

पहिली ब्लॉक साठवण. कंटेनरच्या बाहेर वेगळी डिस्क, यंत्राला जोडायची. वेगवान, पण बहुधा एका वेळी एकाच यंत्राला जोडता येते. म्हणजे लॉकर. एकाच्या हाती किल्ली. वंशावळीचा डेटाबेस इथे ठेवायचा, कारण त्यात सारखी खाडाखोड चालते. आमच्याकडे अजून मुलं होताहेत.

दुसरी फाइल साठवण. एकच फोल्डर, अनेक कंटेनरांनी एकदम वाचावं, लिहावं. हे आमचं जुनं सामायिक कपाट. सोय मोठी, पण एकाच फाइलवर दोघांनी एकदम हात टाकला की भांडण ठरलेलं. शिवाय ब्लॉकपेक्षा सहसा महाग आणि संथ. आमच्या घराण्यात तीन चुलत्यांना एका कपाटाशी बसवण्याचा प्रयोग पूर्वी वाटणीच्या वेळी झालेला आहे. तो बेत रद्द केला.

तिसरी ऑब्जेक्ट साठवण. ॲमेझॉननं 2006 साली एस-थ्री आणलं, ते याच जातीचं. प्रत्येक वस्तूला एक नाव. नाव सांगितलं की वस्तू हजर. मात्र आतली एक ओळ बदलता येत नाही, अख्खी वस्तू नव्यानं ठेवायची. म्हणजे नंबर घातलेली व्हाउचरं! फोटो आणि आवाज यांना हीच जागा. स्वस्तही. फक्त बाहेर काढताना त्याचे वेगळे पैसे लागू शकतात. हे वाचून मला अगदी आपल्या शाखेत आल्यासारखं वाटलं.

"आणि ती डिस्क? ॲपनं मागणी मागे घेतली तर?" मी विचारलं. एकवीस वर्षांची खोड.

पुतण्यानं पाहिलं आणि गप्प झाला. कुबरनेटीसनं मागणीनुसार काढून दिलेल्या डिस्कला मुळात 'डिलीट' असा शेरा असतो. मागणी रद्द झाली की डिस्कही जाते. राहायला हवी तर तो शेरा 'रिटेन' करावा लागतो. आम्ही केला.

"शिवाय क्लाउडवाले तीन-तीन प्रती ठेवतात," तो म्हणाला.

"कार्बन कॉपीच त्या! वर चूक लिहिली की खाली तिन्हीवर चूकच उमटते. तू पुसलंस की तिन्हीकडे पुसलं जाणार. बॅकअप निराळा, दुसऱ्या खात्यात. आणि महिन्यातून एकदा तो उघडून बघायचा."

फोटो नातेवाइकांकडून पुन्हा गोळा झाले, वंशावळ माझ्या वहीत होती. राहिल्या ओव्या. आम्ही दोघं गुन्हेगारासारखे गावी गेलो. रस्ताभर दोघांच्याही मनात एकच भीती. त्र्याऐंशीव्या वर्षी आवाज कुठल्या 'रिटेन'वर असतो?

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "तुमच्या त्या डब्याला बूड नव्हतं, एवढंच ना? बसा." जातं आता नुसतंच कोपऱ्यात असतं, तिनं खुंट्यावर हात ठेवला आणि सुरू झाली. मध्येमध्ये दम लागत होता. या खेपेला त्रेचाळीस मिनिटं झाली.

"तीन मिनिटं जास्त कशी, आत्या?"

"मागल्या वेळी आईची एक ओवी विसरले होते. तुम्ही गेल्यावर आठवली. म्हटलं, आता कोण परत येतंय ऐकायला!"

पुतण्यानं तिथेच अंगणात उभं राहून रेकॉर्डिंग दोन ठिकाणी चढवलं. या वेळी मोबाइलमधलं पुसलं नाही. मी घरी आल्यावर एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आणि कपाटात नीट ठेवली.

ती सापडत नाही.