सुट्टे पैसे

परवा नातू म्हणाला, "आजी, तू अजून रोख पैसे का देतेस? मोबाइलवरून दे ना!" आता त्याला काय सांगू? मोबाइलवरून दिले तर सुट्टे परत कसे मिळणार?

मला नाण्यांचा नाद आहे. संग्राहक वगैरे म्हणण्याइतकी मी मोठी नाही. प्रदर्शनातली महागडी नाणी माझ्या पेन्शनला झेपणारी नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यात मजाही नाही. माझा नियम एकच. सुट्ट्यांत येईल तेच घ्यायचं, तेही रुपयाला रुपया देऊन. दुपारी जेवणं आटोपली की पर्स टेबलावर उपडी करायची आणि चष्मा पुसून बसायचं. तास कसा जातो कळत नाही.

आधी सालाच्या खाली बघायचं. तिथे बारीकशी खूण असते. पत्त्यांतल्या चौकटसारखी असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं, चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच नसेल तर कोलकात्याचं! मग चित्र बघायचं. १९८२ च्या आशियाई खेळांचे दोन रुपये, १९९० चा बाबासाहेबांचा रुपया, १९९९ चे शिवछत्रपतींचे दोन रुपये, २००७ चे लोकमान्यांचे पाच रुपये... हे सगळे माझ्याकडे रिक्षावाले, वाणी आणि कंडक्टर यांच्या हातून आलेत. चार आणे मात्र आता येत नाहीत. ३० जून २०११ नंतर ते चलनातूनच गेले.

१९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया मात्र काही केल्या मिळत नव्हता. वहीत त्याची जागा कित्येक वर्षं रिकामी होती. गेल्या पावसाळ्यात मंडईत मेथीची जुडी घेतली, आणि भाजीवाल्या मावशींनी दिलेल्या सुट्ट्यांत तो दिसला! मी पटकन मूठ मिटली.

"काय झालं बाई? खोटं हाय का? द्या, बदलून देते."

तीस वर्षं मुलांना प्रामाणिकपणाचे धडे दिले, पण त्या क्षणी "काही नाही" म्हणून निघून जावंसं वाटलं, हे कबूल करते. मावशींच्या गळ्यात तुळशीची माळ होती. मी मूठ उघडली आणि नाण्यावर कोण आहे ते सांगितलं. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी रुपया हातात घेतला, पदराने पुसला, कपाळाला लावला. म्हणाल्या, "दरसाल आळंदीला जाते मी. आन माऊली माझ्याच गल्ल्यात बसलीवती व्हय!"

एवढं बोलून त्यांनी तो मलाच परत दिला. "घ्या. तुमाला दिल्याला पैसा तुमचा."

मला तो घेववेना. पर्समधून दुसरा रुपया मागून घेण्याऐवजी मी म्हटलं, "मावशी, हा ठेवा, मला साधा द्या." नियम मोडला नाही. रुपयाला रुपया!

घरी येताना हळहळ वाटली नाही असं नाही. चांगलीच वाटली. पण रात्री वही उघडली तेव्हा लक्षात आलं, की इतकी वर्षं मी ते नाणं शोधत होते, आणि ते सापडलं तर होतंच. त्या रिकाम्या चौकोनात पेन्सिलीने तारीख घातली आणि लिहिलं, 'पाहिला'.

आता मावशींच्या मुलाने टोपलीला मोबाइलच्या पैशांचा पुठ्ठा बांधलाय. गल्ल्यात नाणी कमी असतात. तरी मला बघून त्या डबा पुढे सरकवतात. "बघा बाई, कोन आलंय का."

असो. उद्या मंडईत जायचंय. शंभराची नोट पर्समध्ये काढून ठेवली आहे.