नावडतीची बाजू

श्रावणी सोमवारी दुपारी आजी कहाण्यांचं पुस्तक उघडायची आणि आम्ही सगळी चुलत-सख्खी भावंडं मुठीत अक्षता धरून बसायचो. घामानं अक्षता तळहाताला चिकटायच्या, पण कहाणी सुफळ संपूर्ण होईपर्यंत मूठ उघडायची सोय नव्हती. शिवामुठीच्या कहाणीतल्या राजाला चार सुना. तीन आवडत्या, चौथी नावडती. तिच्या वाट्याला उष्टंमाष्टं आणि गुरं राखणं. शेवटी तिचे दिवस पालटले की आमचा जीव भांड्यात पडे. माजघराच्या दारात तांदूळ निवडणारी धाकटी काकू मात्र नावडतीचं नाव आलं की हात थांबवायची. घरात सगळ्यांत शेवटी जेवायची ती काकूच. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, असं मोठ्यांपैकी कुणाच्या मनात आल्याचं आठवत नाही.

कुणाची कड घ्यायची, हे गोष्टच ठरवून द्यायची. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं शेणाचं. पावसात कावळ्याचं वाहून गेलं आणि चिमणी बाळाचं न्हाणं-माखणं काढत त्याला दाराबाहेर ताटकळत ठेवी. आम्ही हसायचो. एकदा धाकट्या बहिणीनं विचारलं, “पण आजी, कावळ्याला थंडी वाजत असेल ना गं?” उत्तर आलं, “झोप आता.” मला ती चिमणी अजूनही जरा आगाऊच वाटते. चांदोबातल्या वेताळाचं बरं होतं, तो निदान प्रश्न तरी विचारायचा. विक्रमानं दिलेलं उत्तर पटलं नाही की आमच्यात अंक फाटेपर्यंत भांडणं.

‘श्यामची आई’ बाबा रात्री मोठ्यानं वाचत. साने गुरुजींनी ते पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे ते दर वेळी सांगत. वाचता वाचता त्यांचा आवाज घोगरा होई, मग चष्मा पुसायच्या निमित्तानं ते थांबत. घरातला पुरुष रडतो, हे आम्ही पाहिलं ते त्या पुस्तकापायी. त्यात एक प्रसंग आहे. एका म्हाताऱ्या महारणीला लाकडांची मोळी डोक्यावर चढवता येत नाही. आई श्यामला मदतीला पाठवते आणि परत आल्यावर अंघोळ करायला सांगते. मोळीशी आमचे डोळे भरून येत. अंघोळीवरून वाचन सरळ पुढे जाई.

1978 साली दया पवारांचं ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन आलं. दादानं वाचनालयातून आणलं. ते कुणी मोठ्यानं वाचलं नाही, ज्यानं त्यानं आपापलं वाचलं आणि काही न बोलता पुढच्याच्या हातात दिलं. बाबांनी वाचून झाल्यावर कपाटातून ‘श्यामची आई’ काढली, मोळीचं पान शोधलं आणि “ही अंघोळ आपण कशी काय वाचून गेलो रे?” एवढंच विचारलं. माझ्या मते साने गुरुजींनी त्यांना रडायला शिकवलं नसतं, तर ‘बलुतं’ त्यांनी दहा पानांतच मिटून ठेवलं असतं.