ज्यांनी हात पुढे केला

नर्सिंगला गेलेल्या मुलीबद्दल आमच्याकडे ‘पोरगी सेवेत गेली’ असं कौतुकानं म्हणतात. नोकरी लागल्यानंतरची गोष्ट असेल तर ते खरं आहे. पण शिकतानाच्या वर्षांत सेवा करतो तो पेशंट. तो हात पुढे करतो आणि त्या हातावर शिकाऊ मुलगी तयार होते. वॉर्डात बरीच वर्षं काढल्यावर, आता नव्या मुलींना शेजारी उभं करून शिकवताना, मला हे रोज दिसतं.

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत अशा तालुक्यांतून या मुली येतात. बहुतेकींची शाळा मराठी. जी.एन.एम. या नर्सिंगच्या कोर्सची पुस्तकं इंग्रजी. पहिल्या वर्षाला हाडांची आणि स्नायूंची नावं पाठ करता करता डोळे लागतात, पण तो भाग पाठांतरानं निघतो. सलाईनचं गणितही जमतं: 500 मिलीलिटरची बाटली 8 तासांत संपवायची, सेटमधून एका मिलीलिटरला 20 थेंब पडतात, म्हणजे मिनिटाला साधारण 21 थेंब. स्किल लॅबमधल्या रबरी हाताची शीर तर नेहमी जागेवरच असते.

खरा हात वेगळा असतो. निंदणी-खुरपणीत आयुष्य गेलेल्या बाईच्या हाताची कातडी जाड झालेली असते. जुलाब-उलट्यांनी ती सुकून आलेली असली की शीर बोटाला लागतच नाही. म्हाताऱ्या माणसाची शीर वरून ठसठशीत दिसते आणि सुई टेकवली की बाजूला सरकते. हळद काढणीच्या आणि शिजवणीच्या दिवसांत वसमत भागातून येणाऱ्या बायकांचे तळहात आणि नखं पिवळीधमक असतात. अशा हातावरून कावीळ ओळखायला जाऊ नये. खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघावा, तोही उजेडात. याच हळदीची चिमूट घरोघरी जखमेत भरली जाते, कुठं बाळाच्या नाळेलाही लावली जाते. आईबापांनी हळद विकून जिची फी भरली, तिलाच बाळंतिणीला सांगावं लागतं, ‘मावशी, नाळेला काहीच लावू नका, कोरडी राहू द्या.’ आणि ते असं सांगावं लागतं की समोरच्या सासूबाईंना आपल्या घरच्या वहिवाटीचा अपमान वाटणार नाही. ही कला मुली आज्यांच्या चेहऱ्याकडे बघत बघत उचलतात.

मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते पावसाळ्यातल्या साप चावलेल्या पेशंटांनी. सोयाबीन दाट झालेलं असतं, पायात चप्पल नसते, आणि रात्री टेम्पोतून माणूस आणला जातो. शिकाऊ मुलीकडे काम सोपवतात एका नळीचं. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत 2 मिलीलिटर रक्त घ्यायचं आणि 20 मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करून बघायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसं असण्याची शक्यता मोठी. गोठलं तरी सुटका झाली असं नाही. नाग-मण्याराच्या विषात रक्त गोठतं, पण पापण्या जड होतात आणि मागोमाग श्वास अडकू शकतो. म्हणून नळी सांभाळता सांभाळता पेशंटला वर बघायला लावायचं, मोजायला लावायचं, बोलता ठेवायचं.

ती 20 मिनिटं फार लांब असतात. दारात उभा असलेला भाऊ दर थोड्या वेळानं विचारतो, ‘सिस्टर, काय दिसतंय?’ अजून काही दिसत नसतं, आणि तसं सांगायचा अधिकारही शिकाऊ मुलीला नसतो. तिच्या हाती एवढंच असतं की तिथून हलायचं नाही. अशा वेळी मी एका शेतकऱ्याला स्वतःच्या भावाला समजावताना ऐकलं आहे, ‘पोरीला घाई करू नको, तिला तिचं काम करू दे.’ विष अंगात असताना माणूस दुसऱ्याच्या मुलीची काळजी घेतो, हे कुठल्या प्रॅक्टिकल फाईलमध्ये लिहायचं?

फवारणीचं औषध पोटात गेलेल्या पेशंटजवळची रात्र त्याहून जड. अ‍ॅट्रोपिन चालू असतं, नाडी आणि बाहुल्या पुन्हा पुन्हा तपासून चार्टवर लिहायच्या असतात. औषधाच्या अमलाखाली तो चादर चिमटीत पकडून ओढत राहतो, नसलेल्या माणसांशी बोलतो. कधी कधी ती फवारणीतली चूक नसते आणि खाटेजवळ बसलेल्या बायकोला ते ठाऊक असतं. एकोणीस वर्षांच्या मुलीनं तिच्याशी काय बोलावं? मानसोपचार परिचर्येचा पेपर दुसऱ्या वर्षाला आहे, पण मुली इथंच कळत्या होतात. तिला चहा आणून देतात, शेजारी बसतात.

हे सगळं ज्यांच्या अंगावर शिकलं जातं ते बहुतेक गरीब. पैसे असणाऱ्यानं नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरचं खासगी हॉस्पिटल गाठलेलं असतं. सरकारी खाटेवरच्या माणसानं मान हलवली तर तिला पूर्ण होकार कसं म्हणावं, ही बोच मला नेहमी लागते. म्हणून मी मुलींना सांगते, नाव विचारा, आपण शिकतोय हे सांगा, आणि ‘टोचू का?’ असं विचारून उत्तराची वाट बघा. एकदोनदा जमलं नाही तर मोठ्या सिस्टरला हाक मारा. तांड्यावरच्या एका आजीनं माझ्यासमोर एका घाबरलेल्या मुलीला म्हटलं होतं, ‘टोच माय. कव्हा तरी शिकावंच लागंल ना.’ त्या मुलीनं हे मनावर घेतलं. सगळ्याच आज्या असं म्हणत नाहीत आणि त्यांनी म्हणावं अशी अपेक्षाही करू नये.

शिकलेले हात मग पुण्या-मुंबईला जातात, आखातात जातात. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. मुलींनी जरूर जावं. ज्या घरात फीसाठी हळदीची पट्टी हातात यायची वाट बघितली, तिथं चार पैसे पोचले पाहिजेत. पण कळमनुरीच्या आजीच्या हातावर शीर शोधायला शिकलेली मुलगी स्टुटगार्टच्या आजोबांना सलाईन लावणार असेल, तर कळमनुरीच्या वॉर्डातली जागा रिकामी राहता कामा नये. ते देणं मुलीचं नाही, सरकारचं आहे. भरतीची जाहिरात म्हणजे त्याचा हप्ता.

हिंगोली 1 मे 1999 ला जिल्हा झाला आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू व्हायला 2024 उजाडलं. ते आलं याचा मला मनापासून आनंद आहे. नांदेडच्या रस्त्यावर अँब्युलन्समध्ये जीव मुठीत धरून बसणं ज्यांनी अनुभवलंय त्यांना तो कळेल. पण आता एकाच खाटेभोवती नर्सिंगचे आणि डॉक्टरीचे, दोन्हीकडचे विद्यार्थी उभे राहणार. क्लिनिकल शिक्षणात एका विद्यार्थिनीमागे 3 पेशंट असावेत असं भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण आहे. एका पेशंटनं दिवसाला किती विद्यार्थी सोसावेत याचंही एक प्रमाण हवं. ते ठरेल तेव्हा ठरेल. तोवर ड्युटी संपल्यावर पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना, औषधं, सलाईन, लघवीचं माप सांगून झाल्यावर मी एक वाक्य जोडते, आणि हाताखालच्या मुलींनाही जोडायला लावते: ‘चार नंबरच्या मावशींना आज फार टोचलंय. उद्या त्यांच्याकडे विद्यार्थी नकोत.’