मॉन्मथच्या रणभूमीवर

गतवर्षी उन्हाळ्यात कन्येकडे न्यू जर्सी राज्यात काही महिने राहण्याचा योग आला. एडिसन गावी मराठी कुटुंबे पुष्कळ असल्यामुळे परदेशी आल्याचा भास फारसा होत नाही. सत्यनारायणापासून पुरणपोळीपर्यंत सर्व काही यथासांग पार पडते. तथापि इतक्या दूर येऊन घरच्यासारखेच दिवस काढावेत हे मनास रुचेना. म्हणून एके रविवारी जावई व दहा वर्षांचा नातू यांसह मी मॉन्मथची रणभूमी पाहावयास निघालो. मोटारीने तासाभराच्या आतलाच मार्ग. वाटेत नातवाला मी आमच्या शाळेतील काचेच्या कपाटाची व त्यातील 'आष्टीच्या लढाईतील गोळ्यां'ची हकीकत मोठ्या अभिमानाने सांगितली. ती मला पुढे नडणार होती.

रणभूमी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तट, बुरूज, निदान एखादी छत्री तरी येते. येथे तसे काही नाही. उंचसखल कुरणे, फळबागा, झाडांच्या रांगांची कुंपणे आणि वर निरभ्र आकाश. परंतु 28 जून 1778 रोजी, असह्य उष्म्यात, फिलाडेल्फिया सोडून न्यूयॉर्ककडे परतणाऱ्या इंग्रज फौजेस वॉशिंग्टनच्या सैन्याने येथे गाठले. त्या दिवशी गोळ्यांप्रमाणेच उन्हानेही माणसे मेली. इंग्रजांचा सेनापती क्लिंटन, आणि पिछाडी सांभाळणाऱ्या तुकड्यांचा नायक कॉर्नवॉलिस. हे नाव वाचताच मी थबकलो. 1781 साली यॉर्कटाउन येथे शरण गेलेला हाच पुरुष 1786 साली हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला आणि 1792 साली श्रीरंगपट्टणापुढे हरिपंत फडके यांच्या सोबतीने टिपूशी लढला. गाझीपूर येथे 1805 साली त्याचा अंत झाला. सातासमुद्रांपलीकडच्या या कुरणाचा आपल्या इतिहासाशी असा धागा जुळावा, याचे मला नवल वाटले.

या लढाईत अमेरिकनांची आघाडी आरंभीच मागे हटली व तिचा नायक ली याजवर लष्करी खटला झाला. त्या खटल्यातील जबान्या उपलब्ध आहेत. पण धूर, धावपळ आणि आपापली अब्रू राखण्याची इच्छा यांमुळे साक्षीदारांचे एकमेकांशी जुळत नाही. कोणती तुकडी नेमकी कोठे उभी होती, हा प्रश्न कागदावर सुटेना. तो पुढे जमिनीने सोडविण्यास साहाय्य केले.

त्याचे साधन म्हणजे धातुशोधक यंत्र. एका दांड्याच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगी सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतात. त्यांची चाहूल यंत्रास लागते आणि कानाशी नाद उमटतो. टेलिफोनकर्त्या बेलने 1881 साली अध्यक्ष गारफील्ड यांच्या देहात रुतलेली बंदुकीची गोळी शोधण्यासाठी याच तत्त्वाचे उपकरण योजिले होते. ते यशस्वी झाले नाही. दुसऱ्या महायुद्धात अशा यंत्रांनी पेरलेले सुरुंग हुडकले.

मॉन्मथच्या शेतांत स्वयंसेवकांनी ही यंत्रे वर्षानुवर्षे फिरविली. नाद झाला की त्या जागी निशाण रोवावयाचे, जागेचे मोजमाप घेऊन ती नकाशावर मांडावयाची, आणि वस्तू स्वतंत्र पिशवीत क्रमांक घालून ठेवावयाची, असा नेम. इंग्रज शिपायांच्या बंदुकीची गोळी साधारणतः 0.69 इंच व्यासाची, तर अमेरिकनांजवळच्या फ्रेंच बंदुकीची 0.63 इंचाची. पण लक्ष्यावर आदळून चेपटलेल्या गोळीचा व्यास मोजावा कसा? डॅनियल सिव्हिलिच या संशोधकाने 1996 साली त्यावर सूत्र प्रसिद्ध केले : गोळीच्या ग्रॅममधील वजनाचे घनमूळ काढून त्यास 0.223 ने गुणावे, म्हणजे मूळचा व्यास इंचांत मिळतो. "27 ग्रॅम असेल तर?" मी नातवाला विचारले. "घनमूळ तीन, म्हणजे 0.67," तो तत्काळ उत्तरला. माझ्यातील मास्तर सुखावला.

दोन्ही बाजूंकडे दोन्ही प्रकारच्या बंदुका असल्याने एकट्या गोळीवरून काही सिद्ध होत नाही. परंतु न झाडलेल्या, हातून निसटलेल्या गोळ्या एका ओळीत सापडल्या, आणि चेपटलेल्या दुसरीकडे, तर उभे राहणारे कोठे व मारा झाला कोठे, हे अनुमान करता येते. कित्येक गोळ्यांवर दातांचे व्रण आढळले. वेदना सोसताना जखमी शिपायांनी त्या चावल्या, अशी लोकसमजूत होती. तपासाअंती अशा पुष्कळ गोळ्या डुकरांनी चघळलेल्या ठरल्या!

सरकारी उद्यानात कोणासही मनास येईल तेव्हा यंत्र चालविता येत नाही. मात्र जावयांच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ जवळच्याच एका खासगी शेतात मालकाच्या अनुमतीने हा छंद करीत होते. त्यांनी क्षणभर यंत्र माझ्या हाती दिले. पहिला नाद झाला तो शीतपेयाच्या डब्याच्या कडीचा, दुसरा गंजक्या खिळ्याचा. तिसऱ्या खेपेस तांब्याची एक चपटी, जुन्या घडणीची गुंडी दिसली. मी हात पुढे करताच त्यांनी मला थांबविले. कुंपणापासून व एका ओक वृक्षापासून अंतर मोजले, खोली मोजली, वहीत लिहिले, आणि मगच गुंडी उचलली. खासगी जमिनीत इतका सायास कशासाठी, असे मी विचारले. ते म्हणाले, "गुंडी उद्याही राहील. पण ती कोठे होती हे आज लिहिले नाही, तर उद्या कोणास सांगता येणार नाही."

तोच नातवाने विचारले, "आजोबा, तुमच्या शाळेतल्या गोळ्या कोणत्या शेतातल्या?"

मजपाशी उत्तर नव्हते. फार वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यातील एका शाळेत मी असताना एका विद्यार्थ्याने रुमालात बांधून सहा-सात शिशाच्या गोळ्या आणल्या. नांगरताना वडिलांना मिळाल्या, एवढेच तो बोलला. मी त्याची पाठ थोपटली, गोळ्या चिंच लावून लख्ख घासल्या आणि कपाटात ठेवून चिठ्ठी लिहिली : 'आष्टीची लढाई, 1818.' बापू गोखले ज्या लढाईत पडले तिच्या या गोळ्या, हे मला कोणी सांगितले होते? कोणीच नाही. शेत कोणते, गोळ्या एकत्र होत्या की विखुरलेल्या, हे मी विचारले नाही. एखाद्या शिकाऱ्याच्याही त्या असू शकतील. वर्गात हेतूवाचून अनुमान नाही असे सांगणाऱ्याने स्वतःच निराधार वाक्य काचेआड मांडले, आणि मुलांनी ते गुरुवाक्य म्हणून कित्येक वर्षे वाचले.

त्या रात्री मी त्या विद्यार्थ्याचा शोध घेऊन त्यास दूरध्वनी केला. तो आता स्वतः आजोबा होण्याच्या वयात आहे. "गुरुजी," तो म्हणाला, "ते शेत कालव्याखाली गेलं. वडीलही गेले. त्या वेळी विचारलं असतंत, तर त्यांनी जागा दाखवली असती."

परत येताच मी शाळेत जाऊन ती चिठ्ठी काढविली व नवी लिहून दिली : 'शिशाच्या गोळ्या. स्थळ व काळ अज्ञात. लिहून ठेवण्यात चूक माझी.' खाली सही केली. आपल्याकडे 1878 च्या कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचा भूमिगत ठेवा सापडल्यास कलेक्टरास कळवावे लागते, आणि संरक्षित स्थळी परवान्यावाचून खणता येत नाही, हे खरे. पण शेतातील एखादी गोळी कायद्याच्या दृष्टीस पडत नाही. ती तुमच्याआमच्या मुलांच्या मुठीतून घरी येते. वाचकांनी ती घासू नये. आधी मुलाला घेऊन त्या शेतात जावे, आणि जागा लिहून ठेवावी.