दोन तास कोणीतरी बसायला हवं

रुग्णासोबत आलेल्या व्यक्तीचंही बी.पी. मी हल्ली स्वतःहून तपासतो. घरात पॅरालिसिस किंवा डिमेन्शियाचा रुग्ण असला की त्याची बायको, सून किंवा मुलगी स्वतःच्या गोळ्या विसरते, तुकड्यातुकड्यांत झोपते आणि वर ‘मला काही झालेलं नाही’ म्हणते. अमेरिकेतल्या शुल्झ आणि बीच यांच्या 1999 सालच्या अभ्यासात, जोडीदाराची सेवा करताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये पुढच्या चार वर्षांत मृत्यूचा धोका, अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा 63 टक्क्यांनी जास्त आढळला होता.

माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंचं बी.पी. 170/100 होतं. काकांना डिमेन्शिया, दार उघडं दिसलं की बाहेर पडायचे. काकूंना गोळी दिलीच, पण त्यांना खरी गरज होती थोड्या सुट्टीची. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘काही लागलं तर सांगा’ असं सगळेच लिहायचे. पण कुणाला सांगायचं, किती मागायचं? काकू कधीच सांगत नसत.

बंगळुरूला राहणाऱ्या त्यांच्या मुलीला मी सुचवलं की मोठा ग्रुप सोडा, विश्वासातली सहा-सात माणसं निवडा आणि गूगल शीटवर नेमकं काम लिहा. तिनं लिहिलं: ‘मंगळवार, 4 ते 6. बाबांजवळ बसणे, दाराकडे लक्ष.’ पुढे नावाची जागा रिकामी. पहिला आठवडा ती रिकामीच राहिली. मग बँकेतून निवृत्त झालेल्या शेजाऱ्यांनी नाव लिहिलं. काका त्यांच्याशी पत्ते खेळतात (नियम रोज नवे!). पहिल्या मंगळवारी काकू कुठेही गेल्या नाहीत, आतल्या खोलीत जाऊन गाढ झोपल्या.

अशा मदतनीसाकडून औषध देणं, रुग्णाला उचलणं किंवा गिळायला त्रास असलेल्याला भरवणं ही कामं करून घेऊ नका. पहिल्या दोन वेळा घरचं कोणीतरी सोबत थांबा. रुग्णाचे रिपोर्ट आणि फोटो ग्रुपवर नकोत; तातडीसाठी 108 आणि मुलांचे नंबर मात्र हवेतच.

केरळमध्ये मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत असे शेजारी प्रशिक्षण घेऊन वर्षानुवर्षं घरोघरी जातात. आपल्याकडे जवळ कोणीच नसेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 14567 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर सकाळी 8 ते रात्री 8 माहिती आणि मार्गदर्शन मिळतं. फोन मोफत आहे.